टाळेबंदीत राहून गेलेली हिपॅटायटिस सीची दुसरी तपासणी: आता सुरुवात कोठून करावी?

प्रश्न | इंदिरानगरची_सून

नमस्कार. प्रश्न घरचा आहे, परंतु त्याच्याशी जोडलेली एक व्यापक शंकाही विचारायची आहे.

माझ्या सासूबाईंचे मोतीबिंदूचे ऑपरेशन मार्च २०२० च्या अखेरीस ठरले होते. ऑपरेशनपूर्वी ज्या नेहमीच्या रक्ततपासण्या करतात, त्यांत रक्तशर्करा, एचआयव्ही आणि हिपॅटायटिस बी यांच्याबरोबर ‘अँटी-एचसीव्ही’ ही हिपॅटायटिस सीची (यकृताला सूज आणणाऱ्या विषाणूची) तपासणी होती आणि तिच्यापुढे ‘रिऍक्टिव्ह’ असे छापून आले. यकृताच्या डॉक्टरांना दाखवून पीसीआर (रक्तात विषाणू आहे का हे पाहणारी) तपासणी करून घ्या, मग तारीख देऊ, असे नेत्ररुग्णालयातून सांगण्यात आले. त्याच आठवड्यात २२ मार्चचा जनता कर्फ्यू झाला आणि पाठोपाठ टाळेबंदी आली. तातडीच्या नसलेल्या शस्त्रक्रिया थांबल्या, सुचवलेल्या डॉक्टरांचा दवाखाना काही महिने केवळ फोनवर चालत होता, आणि मधुमेह असलेल्या साठीच्या बाईंना त्या दिवसांत घराबाहेर काढण्यास घरातील कोणीही तयार नव्हते.

२०२१ च्या अखेरीस ऑपरेशन झाले, पण दुसऱ्या रुग्णालयात. तेथेही ही तपासणी रिऍक्टिव्हच आली. त्यांनी सासूबाईंना त्या दिवसाच्या यादीत सर्वांत शेवटी घेतले, आवश्यक ती खबरदारी बाळगली, डोळा उत्तम झाला आणि अहवाल फाईलमध्ये गेला. पुढील तपासणीचा विषय या वेळी निघालाच नाही.

सासूबाईंना कावीळ कधीही झालेली नाही. १९९४ साली गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियेच्या वेळी मात्र त्यांना दोन बाटल्या रक्त द्यावे लागले होते. आता पोटाच्या सोनोग्राफीत ‘यकृताचा पोत किंचित खडबडीत’ असा शेरा आल्यामुळे जुनी फाईल पुन्हा उघडली आहे. त्या जुन्या अहवालाचा आज काही अर्थ उरला आहे का? आणि महामारीच्या निर्बंधांमुळे या आजाराचे निदान असे सर्वत्रच रखडले होते, की हा केवळ आमच्या घरचा योगायोग समजावा?

---

उत्तर १ | सातपूरचा_लॅबवाला

ताई, मी पॅथॉलॉजी प्रयोगशाळेत तंत्रज्ञ आहे, त्यामुळे प्रयोगशाळेच्या बाजूने जे दिसते तेवढे लिहितो. उपचारांविषयी डॉक्टर सांगतील.

अँटी-एचसीव्ही ही तपासणी विषाणू शोधत नाही, विषाणूविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिपिंडे शोधते. ज्यांना संसर्ग होतो त्यांच्यापैकी साधारण १५ ते ४५ टक्के लोकांच्या शरीरातून विषाणू पहिल्या सहा महिन्यांत आपोआप निघून जातो, पण प्रतिपिंडे राहतात, आणि त्यामुळे त्यांचाही अहवाल पुढे वर्षानुवर्षे रिऍक्टिव्हच येत राहतो. विषाणू आज रक्तात आहे की नाही हे केवळ एचसीव्ही आरएनए, म्हणजेच ज्याला आपण व्हायरल लोड म्हणतो, त्या तपासणीने कळते. तेव्हा सासूबाईंचे दोन्ही अहवाल मिळून अर्थ एवढाच निघतो की त्यांना कधीतरी संसर्ग झाला असण्याची दाट शक्यता आहे. आजाराचे निदान त्यातून होत नाही, आणि ‘काही नाही’ असाही निष्कर्ष निघत नाही. अँटी-एचसीव्ही तिसऱ्यांदा करण्यात पैसे घालवू नका, थेट आरएनए करून घ्या.

आता दुसरी शंका. पहिली तपासणी कार्डावर किंवा एलायझा पद्धतीने कोठेही होते, दुसरीला मात्र आरटी-पीसीआरचे यंत्र लागते. मार्च २०२० पर्यंत आरटी-पीसीआर हा शब्द आमच्या क्षेत्राबाहेर फारसा कोणाला ठाऊक नव्हता, आणि दोन महिन्यांत तो रिक्षावाल्यांच्याही तोंडी झाला, कारण कोरोनाची तपासणीही त्याच पद्धतीची होती. सुरुवातीला नाशिकचे नमुने पुण्याच्या एनआयव्हीकडे (राष्ट्रीय विषाणू संस्थेकडे) जात असत. पुढे ठिकठिकाणी प्रयोगशाळा उभ्या राहिल्या, परंतु त्यासाठी यंत्रे, आरएनए वेगळे काढण्याचे किट, फिल्टर लावलेल्या टिप्स आणि मुख्य म्हणजे ते काम येणारी माणसे कोरोनाकडेच वळवावी लागली. क्षयरोगासाठी असलेली सीबीनॅट आणि ट्रूनॅट यंत्रेही कोरोनाच्या कामाला लागली. हिपॅटायटिस सीचा व्हायरल लोड याच प्रकारच्या यंत्रांवर करता येतो, आणि त्याला त्या रांगेत जागा मिळणे कठीणच होते.

नमुन्याच्या वाहतुकीचाही प्रश्न होता, आणि तो फारसा कोणी लक्षात घेत नाही. व्हायरल लोडसाठी जांभळ्या टोपणाच्या नळीत घेतलेल्या रक्तातून प्लाझ्मा काही तासांतच वेगळा करावा लागतो आणि पुढे तो थंड ठेवूनच पाठवावा लागतो. सुरगाणा, पेठ किंवा कळवणहून निघालेला नमुना एरवीही वेळेत पोहोचवणे ही कसरतच असते, आणि टाळेबंदीत एसटी बंद, कुरिअर अनियमित, जिल्ह्याच्या सीमेवर ई-पास अशी अवस्था होती. मुंबईला जाणारे नमुने त्यामुळे गोळाच केले जात नसत.

---

उत्तर २ | म्हसरूळ_आरोग्य

मी सामुदायिक वैद्यकशास्त्र शिकवतो. हा केवळ आपल्या घरचा योगायोग नाही. जगभर हेच घडले आणि त्याची मोजणीही झालेली आहे.

अमेरिकेतील एका मोठ्या व्यावसायिक प्रयोगशाळा-जाळ्याच्या नोंदी तेथील संशोधकांनी तपासल्या, तेव्हा एप्रिल २०२० मध्ये अँटी-एचसीव्ही तपासण्यांची संख्या आधीच्या दोन वर्षांच्या त्याच महिन्याच्या तुलनेत ५९ टक्क्यांनी घटलेली आढळली. जुलैपर्यंत ती जवळपास भरून निघाली, तूट सहा टक्क्यांवर आली. मात्र आरएनए पॉझिटिव्ह आलेल्यांची संख्या जुलैमध्येही ३९ टक्क्यांनी कमी होती आणि औषधांच्या चिठ्ठ्या ३८ टक्क्यांनी कमी होत्या. बोस्टनमधील एका रुग्णालयाने स्वतःचे आकडे प्रसिद्ध केले, त्यांत रुग्णालयातील एकूण तपासण्या सुमारे निम्म्यावर आल्या होत्या, तर बाह्यरुग्ण विभागांतील तपासण्या ७० टक्क्यांहून अधिक घटल्या होत्या. दाखल झालेल्या रुग्णाचे रक्त कोणीतरी घेतच होते, घरी बसलेल्या माणसाचे कोण घेणार?

माझ्या मते यातील सर्वांत बोलका आकडा ५९ टक्क्यांचा नाही. पहिली पायरी चार महिन्यांत सावरली आणि दुसरी-तिसरी मागे राहिली, ही गोष्ट त्याहून महत्त्वाची आहे, आणि सासूबाईंच्या बाबतीत नेमके तेच झाले. त्यांची पहिली तपासणी तर दोनदा झाली. आपल्याकडे ऑपरेशनपूर्वीची अँटी-एचसीव्ही तपासणी प्रामुख्याने शस्त्रक्रियागृहातील लोकांच्या सुरक्षिततेसाठी केली जाते. रुग्णाला यादीत शेवटी घेणे, दुहेरी हातमोजे घालणे, उपकरणे वेगळी ठेवणे एवढ्यात तिचा हेतू पूर्ण होतो. रुग्णाला यकृततज्ज्ञापर्यंत नेणारा दुवा कोणाचेही नेमून दिलेले काम नव्हते. तो कोणा एखाद्या डॉक्टरच्या सांगण्यावर आणि घरच्यांच्या उत्साहावर टिकून होता, आणि महामारीत तोच आधी तुटला.

उशिराची किंमत लगेच दिसत नाही, म्हणून ती लोकांना पटत नाही. हा आजार बहुधा लक्षणांशिवाय वाढतो. जुनाट संसर्ग असलेल्यांपैकी १५ ते ३० टक्के लोकांत वीस वर्षांच्या काळात सिऱ्हॉसिस (यकृत व्रणांनी कठीण होणे) होतो आणि त्यापुढे यकृताच्या कर्करोगाचा धोका असतो. संसर्गतज्ज्ञांच्या एका गटाने गणिती प्रारूपावरून असा अंदाज मांडला की हिपॅटायटिस निर्मूलनाचे कार्यक्रम जगभर एक वर्ष लांबले, तर २०३० पर्यंत हिपॅटायटिस सीमुळे सुमारे ७२,३०० अधिक मृत्यू आणि यकृताच्या कर्करोगाचे सुमारे ४४,८०० अधिक रुग्ण संभवतात. हे मोजलेले मृत्यू नव्हेत, प्रारूपाचे उत्तर आहे, हे ध्यानात ठेवावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालानुसार जगात सुमारे पाच कोटी लोकांना हा संसर्ग आहे आणि २०२२ अखेरपर्यंत त्यांपैकी ३६ टक्क्यांचेच निदान झाले होते. उरलेल्यांत सासूबाईंसारखे, अर्धा अहवाल फाईलमध्ये असलेले लोकही असणारच.

जाता जाता: ऑक्टोबर २०२० मध्ये, म्हणजे याच तपासण्या सर्वत्र अडलेल्या असताना, हिपॅटायटिस सी विषाणूच्या शोधासाठी हार्वे ऑल्टर, मायकेल हॉटन आणि चार्ल्स राइस यांना वैद्यकशास्त्राचे नोबेल जाहीर झाले. बातमी आली आणि कोरोनाच्या आकड्यांखाली गेली.

---

उत्तर ३ | चांदवडकर

वरील विवेचन मननीय आहे, तथापि अमेरिकेचे टक्के नाशिकवर जसेच्या तसे ठेवण्यास माझा आक्षेप आहे. मी अनेक वर्षे रक्तदान शिबिरांच्या आयोजनात आहे आणि आपल्याकडे हा आजार सापडतो कसा, हे त्या बाजूने पाहिले आहे.

अमेरिकेत प्रत्येक प्रौढाने आयुष्यात एकदा तरी ही तपासणी करावी, अशी अधिकृत शिफारस २०२० सालीच झाली. आपल्याकडे धडधाकट माणूस आपण होऊन ही तपासणी करून घेतो, असे क्वचितच घडते. आपल्याकडे निदान होते ते आडवाटेने: मोतीबिंदू, हर्निया, बाळंतपणाचे सिझेरियन, डायलिसिस किंवा रक्तदान यांच्या निमित्ताने. दान केलेल्या प्रत्येक पिशवीची हिपॅटायटिस सीसाठी तपासणी आपल्या देशात २००१ पासून बंधनकारक आहे. (ताई, १९९४ च्या बाटल्यांना ही अट लागू नव्हती, हा मुद्दा आपल्या डॉक्टरांना अवश्य सांगावा.) त्यामुळे महामारीत आपल्याकडे नेमके काय थांबले हे पाहायचे असेल, तर प्रयोगशाळेच्या नोंदवहीआधी शिबिरांचे आणि ऑपरेशनांचे वेळापत्रक पाहावे. महाविद्यालये बंद, सातपूर-अंबडचे कारखाने आधी बंद आणि मग अर्ध्या मनुष्यबळावर, गणेशोत्सव साधेपणाने: जेथे जेथे शिबिरे भरत, ती सर्व ठिकाणे शांत होती. रक्त कमी पडले याच्या बातम्या आल्या, पण त्या रक्ताबरोबर होणाऱ्या तपासण्याही झाल्या नाहीत, याची बातमी झाली नाही.

आणखी एक शंका म्हसरूळकर सरांनाच विचारतो. जुलैत तपासण्या भरून निघाल्या पण पॉझिटिव्ह कमीच राहिले, याचा अर्थ दुसरी पायरी तुटली असाच कशावरून? तपासणीला परत आलेले लोक आणि न आलेले लोक एकाच प्रकारचे होते असे कसे धरावे? नियमित आरोग्यतपासणी करणारा सुस्थितीतला माणूस आधी परतला असेल आणि सुईने नशा करणारा, बेघर किंवा तुरुंगातून सुटलेला माणूस परतलाच नसेल, तरीही आकडे असेच दिसतील.

---

उत्तर ४ | म्हसरूळ_आरोग्य

आक्षेप मान्य आहे, आणि दोन्ही कारणे एकाच वेळी खरी असू शकतात. औषधांच्या चिठ्ठ्या कमी राहिल्या हे मात्र केवळ कोण परतले यावरून पूर्णपणे उलगडत नाही, कारण आधीच निदान झालेले रुग्णही उपचारांना येत होतेच की. ज्यांच्यापर्यंत पोहोचणे अवघड, त्यांच्याविषयी आपण म्हणता ते योग्यच आहे. त्याला एक उलटे उदाहरणही आहे. लंडनमध्ये महामारीच्या पहिल्या लाटेत बेघर लोकांना रिकाम्या हॉटेलांत ठेवण्यात आले, तेव्हा तेथील आरोग्यपथकांनी त्याच जागी त्यांची हिपॅटायटिस सीची तपासणी केली आणि उपचारही सुरू करून दिले. एरवी जो माणूस आज एका पुलाखाली तर उद्या दुसऱ्या, तो काही आठवडे एका खोलीत सापडत होता. म्हणजे निर्बंधांनी तपासणी थांबलीच पाहिजे असे नव्हते, कोणीतरी ती जोडून घ्यायला हवी होती. एप्रिल-मे २०२० मध्ये कोरोनाच्या उद्रेकामुळे मालेगावात जी परिस्थिती होती, तीत आपल्या जिल्ह्याकडून अशी अपेक्षा करणे मात्र अन्यायाचे ठरेल.

---

उत्तर ५ | देवळाली_कॅम्प

थोडक्यात भर घालते. माझे थोरले बंधू त्या काळात डायलिसिसवर होते. डायलिसिस बंद ठेवता येत नाही, त्यामुळे त्यांची अँटी-एचसीव्ही तपासणी ठरलेल्या वेळी होतच राहिली. अडचण निराळीच आली. त्यांची एसजीपीटी (यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारे एन्झाइम) वाढलेली दिसली, तेव्हा आधी ती कोरोनामुळे, मग कोरोनाच्या औषधांमुळे आणि शेवटी घरच्या गुळवेलीच्या काढ्यामुळे वाढली असावी, असे सांगण्यात आले. यांपैकी कोणतेही कारण त्या काळात अशक्य नव्हते. गुळवेलीच्या सेवनानंतर यकृताला इजा झालेले रुग्ण मुंबईच्या डॉक्टरांनी तेव्हा नोंदवलेही होते. पण इतकी तयार कारणे हाताशी असल्यामुळे हिपॅटायटिस सीचा विचार फार उशिरा झाला. प्रतिपिंडे तयार होण्यास काही आठवडे लागतात आणि डायलिसिसच्या रुग्णांत ती कधीकधी तयारच होत नाहीत, म्हणून त्यांच्या बाबतीत निदान आरएनए तपासणीवरच झाले. उपचार पूर्ण झाले आणि आता विषाणू नाही.

---

उत्तर ६ | इंदिरानगरची_सून

सर्वांचे मनापासून आभार. आरएनए तपासणीसाठी उद्याच नमुना देणार आहोत. ती पॉझिटिव्ह आली, तर या वयात उपचार झेपतील का, ही सासूबाईंची पहिली भीती आहे. त्यांच्या ओळखीत एकांनी पूर्वी इंजेक्शने घेतली होती आणि त्यांना फार त्रास झाला होता. दुसरे म्हणजे, एवढ्या वर्षांच्या उशिरामुळे काही हाताबाहेर गेले आहे का, हे कसे कळेल? आणि घरातील इतरांनी तपासणी करावी का?

---

उत्तर ७ | पोटविकार_डॉक्टर

ती इंजेक्शने इंटरफेरॉनची होती. तो काळ मागे पडला आहे. आता तोंडाने घ्यायच्या गोळ्या आहेत, बहुतेक रुग्णांना रोज एकदा याप्रमाणे बारा आठवडे पुरतात आणि ९५ टक्क्यांहून अधिक रुग्ण पूर्ण बरे होतात. सिऱ्हॉसिस नसेल तर बहुधा सोफोसबुव्हिर आणि डॅक्लाटास्व्हिर, सिऱ्हॉसिस असेल तर सोफोसबुव्हिर आणि वेल्पाटास्व्हिर दिले जाते. वय ही आडकाठी नाही. राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम २८ जुलै २०१८ रोजी सुरू झाला आणि त्याखाली व्हायरल लोडची तपासणी व औषधे दोन्ही मोफत आहेत. सिव्हिलमध्ये जाऊन या कार्यक्रमाची चौकशी करा आणि जुने दोन्ही अहवाल व सोनोग्राफीचा कागद बरोबर न्या.

उशिराचा परिणाम मोजता येतो. वय, प्लेटलेट्स, एसजीओटी आणि एसजीपीटी या चार गोष्टींवरून फिब-४ नावाचा अंक काढतात आणि त्यावरून यकृतात व्रण किती साठला आहे याचा अंदाज येतो. गरज वाटल्यास फायब्रोस्कॅन (यकृताचा कडकपणा बाहेरून मोजणारी तपासणी) करतात. सोनोग्राफीतील ‘खडबडीत पोत’ या एका शेऱ्यावरून सिऱ्हॉसिस ठरवू नका, मधुमेह असलेल्यांत चरबीमुळेही यकृत वेगळे दिसते. मात्र सिऱ्हॉसिस निघालाच, तर विषाणू गेल्यानंतरही दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी चालू ठेवावी लागेल, कारण कर्करोगाचा धोका कमी होतो, संपत नाही.

डॉक्टरांना दोन गोष्टी आवर्जून सांगा. हिपॅटायटिस बीचा अहवाल जुना असेल तर तो गोळ्या सुरू करण्यापूर्वी नव्याने करावा लागतो, कारण दोन्ही विषाणू असतील तर सीच्या उपचारात बी उफाळून येऊ शकतो. तसेच आम्लपित्ताच्या आणि हृदयाच्या ठोक्यांच्या गोळ्या चालू असतील तर त्यांची नावे लिहून न्या. पँटोप्राझोलसारख्या गोळ्यांमुळे वेल्पाटास्व्हिर कमी शोषले जाते आणि अमिओडॅरोनबरोबर सोफोसबुव्हिर देणे धोक्याचे आहे. गोळ्या संपल्यावर बारा आठवड्यांनी पुन्हा आरएनए तपासणी करतात, आणि तीत विषाणू नसेल तरच बरे झाले असे म्हणतात. अँटी-एचसीव्ही त्यानंतरही रिऍक्टिव्हच राहील. पुढील एखाद्या ऑपरेशनच्या वेळी हा गोंधळ पुन्हा नको, म्हणून तो आरएनएचा अहवाल कायम जपून ठेवा.

घरातील माणसांविषयी: एका ताटात जेवल्याने, शेजारी बसल्याने किंवा कपडे एकत्र धुतल्याने हा आजार पसरत नाही. संसर्ग १९९४ च्या रक्तातून झाला असेल आणि मुले त्याआधी जन्मलेली असतील, तर जन्माच्या वेळी त्यांना धोका नव्हता. तरीही सासरे आणि मुले यांनी एकदा अँटी-एचसीव्ही करून घ्यावी, ती स्वस्त आहे. मला अधिक काळजी वाटते ती साखर तपासण्याच्या यंत्राची. मधुमेही घरांत बोटाला टोचण्याचे पेन एकच असते आणि पाहुण्यांचीही साखर त्यावरच पाहिली जाते. सासूबाईंचे पेन आणि सुया आजपासून फक्त त्यांच्यासाठीच ठेवा, आणि आतापर्यंत ते आणखी कोणी वापरले असेल तर त्या व्यक्तीचेही नाव तपासणीच्या यादीत घाला.

---

उत्तर ८ | इंदिरानगरची_सून

पेन यजमानही वापरत होते. उद्या दोघांचाही नमुना देत आहोत: सासूबाईंचा आरएनएसाठी आणि यजमानांचा अँटी-एचसीव्हीसाठी.